वाचक विचारतात : 'द प्रिन्स' वाचलं, आता लोकांना घाबरवायचं का?

गेल्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या मॅकियाव्हेलीचं 'द प्रिन्स', म्हणजे राज्य कसं मिळवावं आणि टिकवावं यावरचं ते पुस्तक, हा नोकरी गेलेल्या एका सरकारी कारकुनाने केलेला नोकरीचा अर्ज आहे. झालं! कधी नव्हे एवढी पत्रं आली. काही चिडून लिहिलेली, काही खरंच कुतूहलाने, आणि दोघांनी तर मी पुस्तक वाचलेलंच नाही असं परस्पर ठरवून टाकलंय. वाचलंय हो, तीनदा वाचलंय, पहिल्या खेपेला ओ की ठो कळलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. तर या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकतो.

प्रश्न : काका, दोन महिन्यांपूर्वी मला टीम लीड केलं. एका सिनियरने 'द प्रिन्स' वाचायला दिलं, त्यात 'लोकांनी प्रेम करण्यापेक्षा घाबरलेलं बरं' या वाक्याखाली त्याने लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. मी तसं वागून बघितलं. आवाज चढवला, चहाच्या वेळी त्यांच्यात बसणं बंद केलं. टीम सरळ झाली खरी, पण परवा एका रिपोर्टमधली चूक सगळ्यांना आधीपासून माहीत होती आणि मलाच कुणी सांगितली नाही, वरच्यांसमोर मी तोंडावर आपटलो. पुस्तक चुकीचं आहे का मी?

उत्तर : पुस्तक अर्धं वाचलंत तुम्ही, आणि तुमच्या सिनियरने बहुतेक रेघा मारण्यापुरतंच वाचलंय.

ते वाक्य सतराव्या प्रकरणात आहे. मुळात मॅकियाव्हेली म्हणतो की दोन्ही असावं, लोकांचं प्रेमही आणि धाकही, पण दोन्ही एकत्र जमणं अवघड, म्हणून एकच निवडायची वेळ आली तर धाक जास्त भरवशाचा. कारण काय, तर प्रेम करायचं की नाही हे लोकांच्या हातात असतं आणि धाक ठेवणं आपल्या हातात. आता लगेच पुढचं वाचा. धाक असा ठेव की प्रेम नाही मिळालं तरी चालेल पण द्वेष मिळता कामा नये, आणि ते जमतं, फक्त लोकांच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नकोस. तिथेच त्याचं ते जहरी वाक्य येतं की माणसं बापाचा मृत्यू एकवेळ विसरतील पण बापाची इस्टेट गेलेली विसरणार नाहीत. भावकीतली जमिनीची भांडणं ज्याने बघितलीत त्याला हे वेगळं समजवायला नको. म्हणजे धाक आणि द्वेष यांच्यामध्ये त्याने रेघ ओढलीय आणि तुमची गाडी ती रेघ ओलांडून गेलीय.

आणि तुमच्या रिपोर्टचं उत्तर तर तेविसाव्या प्रकरणात आहे, खुशमस्कऱ्यांपासून कसं वाचायचं या प्रकरणात. तो म्हणतो, खरं बोललं तर तुम्हाला राग येत नाही हे लोकांना कळल्याशिवाय यातून सुटका नाही. पण ऊठसूट प्रत्येक जण तोंडावर खरं सुनवायला लागला की मान राहत नाही. मग त्याचा तिसरा मार्ग असा, की मोजकी शहाणी माणसं निवडायची, फक्त त्यांनाच खरं बोलायची मुभा द्यायची, आपण विचारू तेवढ्याच विषयावर, मात्र आपण भरपूर विचारायचं आणि न कंटाळता ऐकायचं, आणि कुणी भीतीपोटी गप्प बसतोय असं दिसलं तर उलट त्याचाच राग धरायचा. हे शेवटचं नीट बघा. गप्प बसणाऱ्यावर रागवायचं, बोलणाऱ्यावर नाही. तुमच्या टीममध्ये बरोबर उलटं झालंय.

आणखी एक, हे पुस्तक ज्याने नुकतंच एखादं राज्य बळकावलंय आणि उद्या आपला गळा कापला जाईल की काय या चिंतेत जो झोपतो त्याच्यासाठी लिहिलेलं आहे. तुमच्या रिपोर्टमुळे कुणाचा गळा कापला जाणार नाहीये. चहाला बसा त्यांच्यासोबत.

प्रश्न : साध्य चांगलं असेल तर कुठलंही साधन चालतं, हे त्याचं जगप्रसिद्ध वाक्य नेमकं कितव्या प्रकरणात आहे? मला भाषणात वापरायचंय.

उत्तर : कुठल्याच नाही. अठराव्या प्रकरणात याच्या आसपासचं एक वाक्य आहे, ते असं की माणसांच्या, त्यातही राजांच्या कृत्यांवर दाद मागायला वरचं कोर्ट नसतं, तेव्हा लोक शेवट काय झाला ते बघतात. म्हणजे लोक कसे वागतात ते तो सांगतोय, जिंकलेल्याला कुणी साधनं विचारत नाही एवढंच. नैतिक परवानगी वगैरे काही वाटत बसलेला नाही. भाषणात दुसरं काहीतरी घ्या.

प्रश्न : कारकून म्हणालात म्हणून राग आला. एवढा मोठा राजकारणी विचारवंत, राजांना सल्ले देणारा, आणि तुम्ही त्याला कारकून म्हणता? पुरावा द्या.

उत्तर : देतो, आणि रागावू नका, कारकून म्हणजे शिवी नाही.

निकोलो मॅकियाव्हेली इटलीतल्या फ्लॉरेन्स या शहर-राज्याचा, जन्म १४६९. तिथले सर्वेसर्वा मेदिची घराण्याचे लोक, १४९४ मध्ये त्यांना हाकललं आणि प्रजासत्ताक आलं. १४९८ मध्ये, म्हणजे वयाच्या २९व्या वर्षी, हा सरकारी कचेरीत दुसरा चॅन्सलर म्हणून लागला. नाव भारदस्त, पण काम म्हणजे पत्रं लिहिणं, फायली सांभाळणं आणि सांगतील तिथे घोड्यावर बसून जाणं. फ्रान्सच्या राजाकडे गेला, पोपकडे गेला, जर्मन सम्राटाकडे गेला, पण राजदूताचा मान कधी मिळाला नाही, काम मात्र तेच. १४ वर्षं मोठ्या लोकांच्या दारात उभं राहून, ते कसे बोलतात, कधी खोटं बोलतात, कधी गडबडतात हे बघायचं आणि रात्री बसून त्याचा अहवाल घरी पाठवायचा. मला तर वाटतं त्याच्या पुस्तकातली सगळी धार याच अहवालांतून आली, सिंहासनावर बसलेल्या माणसाला असलं काही दिसतच नाही.

१५१२ मध्ये स्पॅनिश फौजेच्या जोरावर मेदिची परत आले आणि याची नोकरी गेली. पुढच्या फेब्रुवारीत एक कट उघडकीला आला, कटवाल्यांकडे सापडलेल्या यादीत याचं नाव होतं, उचलून तुरुंगात टाकला. हात पाठीमागे बांधायचे, दोरीने माणूस वर ओढायचा आणि एकदम खाली सोडायचा, जमिनीला टेकायच्या आत झटका देऊन थांबवायचा. खांदे निखळतात. असं ६ वेळा. कबुली दिली नाही. तुरुंगातून त्याने एका मेदिचीला विनवणीच्या कविता पाठवल्या, त्यात भिंतीवरच्या उवा फुलपाखराएवढ्या गलेलठ्ठ आहेत असं लिहिलंय, अशा अवस्थेत पण गडी विनोद करतोय! मार्च १५१३ मध्ये एक मेदिचीच पोप झाला, त्या आनंदात कैदी सोडले, त्यात हा सुटला आणि शहराबाहेर सांतआंद्रेआ या खेड्यातल्या आपल्या शेतावर जाऊन बसला.

आता तुमचा पुरावा. १० डिसेंबर १५१३ ला त्याने व्हेत्तोरी नावाच्या मित्राला पत्र लिहिलं. हा मित्र रोममध्ये पोपच्या दरबारी फ्लॉरेन्सचा राजदूत होता, म्हणजे वशिला. पत्रात दिवसभराचं रडगाणं आहे. सकाळी रानात लाकूडतोड्यांची भांडणं ऐकायची, मग झऱ्याकाठी कवितांचं पुस्तक घेऊन बसायचं, रस्त्यावरच्या खानावळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला बातम्या विचारायच्या, जेवण झालं की परत तिथेच, खानावळवाला, एक खाटीक, एक पिठाच्या गिरणीवाला आणि भट्टीवरचे दोन कामगार यांच्यात पत्ते आणि सोंगट्या खेळायच्या, दिडकीसाठी एवढी भांडणं की आरडाओरडा पुढच्या गावापर्यंत ऐकू जातो. आणि मग संध्याकाळ. घरी येतो, उंबऱ्यापाशीच चिखलाने भरलेले रोजचे कपडे काढतो, दरबारात जाताना घालायचे कपडे अंगावर चढवतो आणि आपल्या अभ्यासिकेत शिरतो, तिथे जुन्या काळच्या माणसांशी बोलतो, त्यांनी जे केलं ते का केलं असं त्यांना विचारतो आणि ती आपुलकीने उत्तरं देतात. चार तास कंटाळा नाही, गरिबीची भीती नाही, मरणाची नाही.

या गप्पांमधून एक छोटंसं पुस्तक झालंय, असं तो पुढे सांगतो. ते हेच. आणि मग मुद्द्यावर येतो, या मेदिची मंडळींनी मला कामाला लावावं, सुरुवातीला नुसता दगड लोटायला लावला तरी चालेल! पुस्तक आधी एका मेदिचीला अर्पण करायचं ठरलं होतं, तो वारला तर अर्पणपत्रिका त्याच घराण्यातल्या दुसऱ्याच्या नावावर केली. ज्यांनी खांदे निखळवले त्यांच्याच दारात. याला अर्ज नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

प्रश्न : पुस्तकातला हिरो तो चेझारे बोर्जिया, त्याने स्वतःच्याच अधिकाऱ्याला मारून चौकात टाकलं, आणि लेखक त्याचं कौतुक करतो. हे वाचून पुस्तक मिटवलं. यात शिकण्यासारखं काय आहे?

उत्तर : मिटवलंत त्यात चूक नाही, पण मिटवलंत ते थोडं आधी.

सातव्या प्रकरणातला प्रसंग. चेझारे हा पोप अलेक्झांडर सहाव्याचा मुलगा. (हो, पोपचा मुलगा. तो काळच तसा होता.) बापाच्या जोरावर त्याने इटलीतला रोमान्या प्रांत जिंकला. तिथे लूटमार, खून, बेबंदशाही. त्याने रेमिरो दे ओर्को नावाच्या क्रूर आणि झटपट काम उरकणाऱ्या माणसाला पूर्ण अधिकार देऊन तिथे बसवला. रेमिरोने थोड्याच दिवसांत सगळं शांत केलं, अर्थात कसं केलं ते वेगळं सांगायला नको, लोक त्याचा तिरस्कार करायला लागले. मग २६ डिसेंबर १५०२ च्या सकाळी चेसेना गावच्या चौकात रेमिरोच्या धडाचे दोन तुकडे, बाजूला लाकडाचा ठोकळा आणि रक्ताने माखलेली सुरी. पुस्तक म्हणतं की हे बघून लोकांचं समाधानही झालं आणि ते सुन्नही झाले. घाण काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं, आणि लोकांचा संताप शिगेला पोचला की त्याचाच बळी द्यायचा. हा डाव काय इटलीतच खेळला गेला असं थोडंच आहे, आता चौकात धड पडत नाही, राजीनामा पडतो एवढाच फरक.

पण मला यातली खरी मजेची गोष्ट वेगळीच वाटते. त्या दिवशी मॅकियाव्हेली चेसेनातच होता, सरकारी कामावर. त्याच दिवशी त्याने फ्लॉरेन्सला अहवाल पाठवला, त्यात म्हणतो की मृत्यूचं कारण नीटसं माहीत नाही, एवढंच की राजाची तशी मर्जी झाली. कारण माहीत नाही! आणि ११ वर्षांनी शेतावर बसून पुस्तक लिहिताना त्याला कारण स्वच्छ दिसतंय, आखलेला डाव, पहिली पायरी, दुसरी पायरी. आता हे कारण चेझारेच्या डोक्यात होतं की मॅकियाव्हेलीने मागाहून ते गोष्टीत बसवलं? मी दुसऱ्या बाजूला झुकतो. मोठ्या माणसांनी चिडून किंवा घाबरून केलेल्या गोष्टींना नंतर लिहिणारे 'स्ट्रॅटेजी' म्हणतात, हे आपण रोज बघतो.

आणि त्या हिरोचं पुढे काय झालं तेही त्याच प्रकरणात आहे बरं का. ऑगस्ट १५०३ मध्ये बाप मेला आणि त्याच वेळी चेझारे स्वतः मरणाच्या दारात पडला होता. तो मॅकियाव्हेलीला म्हणाला की बाप गेल्यावर काय काय होईल याचा सगळा विचार करून ठेवला होता, सगळ्यावर उपाय होता, फक्त तेव्हा मी पण मरायला टेकलेला असेन हे कधी डोक्यात आलं नाही. पुढे ज्याच्या घराण्याशी जुनं वैर त्यालाच पोप व्हायला मदत केली, वाटलं उपकार लक्षात ठेवेल. जुन्या जखमा नव्या उपकारांनी भरतात असं मानणारा फसतो, हा शेरा खुद्द लेखकाचा. पाच वर्षांत जे उभं केलं ते काही महिन्यांत गेलं. १५०७ मध्ये स्पेनकडच्या एका फालतू चकमकीत मेला. म्हणजे ज्याचा आदर्श घ्या म्हणतोय तोच पडलेला माणूस आहे. म्हणून मी म्हणतो, सत्ता कशी मिळवावी यापेक्षा ती हातातून कशी निसटते याचंच हे पुस्तक जास्त आहे.

प्रश्न : पंचविसाव्या प्रकरणात तो म्हणतो नशीब ही बाई आहे आणि तिला काबूत ठेवायचं तर मारावं लागतं. हे वाचूनसुद्धा लोक याला महान म्हणतात? बायकांबद्दल याला काय माहीत होतं?

उत्तर : ताई, वाक्य तसंच आहे आणि त्याची सारवासारव मी करणार नाही. त्याच प्रकरणात नशिबाची दुसरी उपमा आहे, पूर आलेल्या नदीची, पूर ओसरलेला असतानाच बांध घालून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी नुकसान कमी होईल, निम्मं नशिबाच्या हातात आणि निम्मं आपल्या. ती दहापट चांगली आहे. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं.

बायकांबद्दल काय माहीत होतं? निदान एका बाईने त्याला चांगलं शिकवलं होतं. १४९९ मध्ये नोकरी लागून वर्षच झालेलं, त्याला फोर्ली या छोट्या राज्याचा कारभार बघणाऱ्या कातेरीना स्फोर्झाकडे वाटाघाटीला पाठवलं. बाईने सगळं कबूल केलं, हा खुशीत, आणि दुसऱ्या दिवशी तिने शब्द फिरवला, म्हणे आधी माझ्या राज्याच्या रक्षणाचं लेखी द्या. रिकाम्या हाताने परतला.

ही कातेरीना पुस्तकात विसाव्या प्रकरणात परत येते, किल्ल्यांच्या संदर्भात. नवऱ्याचा खून झाला तेव्हा किल्ल्यामुळे ती वाचली, पण पुढे चेझारे चालून आला आणि प्रजाही तिच्यावर उलटलेली, तेव्हा तोच किल्ला काही कामाला आला नाही. यावरून तो म्हणतो, प्रजेने द्वेष न करणं हाच सगळ्यात चांगला किल्ला. 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं वाक्य ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे जरा टोचतंच. पण दोघांचा मुलूख वेगळा, शत्रू वेगळा, आणि डोंगरी किल्ला म्हणजे शहराच्या मध्ये बांधलेली गढी नव्हे.

प्रश्न : आपल्या चाणक्यापुढे हा कोण? सगळं त्याने आधीच लिहून ठेवलंय ना?

उत्तर : आधी लिहिलंय हे खरं, आणि मॅक्स वेबरसारख्या जर्मन विद्वानाने १९१९ मध्ये म्हणून ठेवलंय की अर्थशास्त्रापुढे 'द प्रिन्स' निरुपद्रवी आहे. पण तुलना म्हणजे घराच्या पूर्ण नकाशाची आणि आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं याच्या चिठ्ठीची तुलना. अर्थशास्त्राची १५ अधिकरणं, त्यात खाणी, वजनमापं, पगार, जकात, हेरांचे प्रकार, तापसाच्या वेशातला वेगळा, व्यापाऱ्याच्या वेशातला वेगळा, सगळं यंत्र उभं केलेलं. 'प्रजासुखे सुखं राज्ञः' हेही त्यातच. मॅकियाव्हेलीची २६ प्रकरणं, त्यातली बरीचशी दोन-तीन पानांची, यंत्र वगैरे काही नाही, फक्त माणसं. आणि म्हैसूरला अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्रींच्या हाती लागली १९०५ मध्ये, तेव्हा मॅकियाव्हेलीने तिथून चोरलं असं जे एकाने पत्रात लिहिलंय ते कसं शक्य आहे ते त्यांनीच सांगावं.

प्रश्न : बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम म्हणाल्या मॅकियाव्हेली लोकशाहीवादी होता. मग 'द प्रिन्स' हा विनोद होता का?

उत्तर : मॅडमचं बरंचसं बरोबर आहे, फक्त लोकशाहीवादी न म्हणता प्रजासत्ताकवादी म्हण. त्याचं दुसरं, याच्यापेक्षा कितीतरी जाड पुस्तक आहे, रोमन इतिहासकार लिव्हीवरचं, त्यात तो म्हणतो की जनता ही राजापेक्षा जास्त शहाणी आणि जास्त स्थिर असते, आणि रोममधल्या गरीब-श्रीमंतांच्या भांडणांनीच रोम स्वतंत्र राहिलं. रूसो या तत्त्वज्ञाला १७६२ मध्ये असं वाटलं की हा राजांना शिकवतोय असं दाखवून खरं तर जनतेला शिकवत होता. आकर्षक आहे, पण मला पटत नाही. खांद्यांना कळा येत असताना माणूस इतका लांबचा विनोद करत नाही. त्याला काम हवं होतं, आणि परकीय फौजा इटली तुडवतायत याचा संतापही खरा होता, शेवटचं प्रकरण वाच, एकदम आवाज बदलतो. परीक्षेत मात्र रूसोचं मत लिही, मार्क मिळतील.

प्रश्न : याला कुणी सणसणीत उत्तर दिलं नाही का?

उत्तर : दिलं ना. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजपुत्र फ्रेडरिकने याचं प्रकरणागणिक खंडन लिहिलं, फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने हात फिरवून १७४० मध्ये छापलं. त्याच वर्षी फ्रेडरिक राजा झाला आणि डिसेंबरात शेजारच्या सायलेशियावर फौज घेऊन घुसला.

प्रश्न : मग शेवटी त्या अर्जाचं काय झालं? नोकरी मिळाली का?

उत्तर : सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो एका शाळकरी मुलाने विचारलाय.

त्या अर्जावर नाही मिळाली. ज्याला पुस्तक अर्पण केलं त्याच्याकडून काहीच हाललं नाही. मधल्या काळात याने नाटक लिहिलं, ते गाजलं. १५२० मध्ये मेदिचींनी फ्लॉरेन्सचा इतिहास लिहायचं काम दिलं, म्हणजे एकदाचा दगड लोटायला मिळाला. मग १५२७ च्या मे महिन्यात मेदिचींना परत हाकललं, प्रजासत्ताक परत आलं, ज्याच्यासाठी याने १४ वर्षं घोडे दामटले तेच. पण आता त्यांना हा मेदिचींचा माणूस वाटला, जुनी जागा दुसऱ्यालाच दिली. २१ जून १५२७ ला वारला, ५८ वर्षांचा होता.

पुस्तक छापून आलं १५३२ मध्ये, रोममध्ये, पोपच्या परवानगीने, आणि तो पोपही मेदिचीच. २७ वर्षांनी दुसऱ्या एका पोपने याची झाडून सगळी पुस्तकं बंदीच्या यादीत टाकली.